मदत हवी आहे: इटलीची स्टडी टूर, ४१ मुलं, व्हिसा टुरिस्ट की स्टडी?

रेखाटनवही | १५ एप्रिल, रात्री ११.४०

नमस्कार. आमच्या आर्किटेक्चर कॉलेजची इटलीची स्टडी टूर ठरली आहे. एजंट म्हणतो टुरिस्ट व्हिसा काढा. ऑफिसमधले सर म्हणतात, अभ्यासाला चाललाय तर स्टडी व्हिसाच लागतो, नाहीतर तिकडच्या विमानतळावरून परत पाठवतील. दोघंही आपलं सोडायला तयार नाहीत आणि ४१ जणांचे फॉर्म माझ्याकडे अडकून पडलेत. अपॉइंटमेंट रोज कमी होत चालल्यात, मुलांच्या घरून रोज फोन येतायत. नक्की कोणता व्हिसा ते कोणी सांगेल का? शुक्रवारी पैसे भरायचे आहेत. गूगल करून झालंय, तिथे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सह्यकडा | रात्री ११.५२

किती दिवसांची टूर? तारखा काय? तिकडे कोणी बोलावलंय की नुसतं बघायला चाललाय? हे सांगितल्याशिवाय कोणी काय उत्तर देणार?

मेतकूट | रात्री ११.५८

अरे वा, मज्जा आहे! खाण्याचं बघून ठेवा. शाकाहारी मुलांचे पहिले दोन दिवस पिझ्झा-पास्त्यात बरे जातात, मग हाल होतात. दशम्या, मेथीचे ठेपले, मेतकूट, दाण्याची चटणी न्या. तूप, पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नेऊ नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत, सापडले तर काढून घेतात.

रेखाटनवही | १६ एप्रिल, रात्री १२.१०

सह्यकडा, ३१ मे ते १४ जून. मेतकूट, धन्यवाद, पण आधी व्हिसाचं.

भटकभवानी | रात्री १२.२५

टुरिस्टच काढा, डोळे मिटून. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, एकदा मिळाला की त्या सगळीकडे चालतो. इटलीची अपॉइंटमेंट मिळत नसेल तर फ्रान्स किंवा स्वित्झर्लंड, ज्याची मिळेल त्याचा अर्ज टाका. आमच्या ओळखीतले सगळे असंच करतात.

रेखाटनवही | रात्री १२.३१

एजंटही हेच म्हणत होता! प्लॅनमध्ये सुरुवातीला पॅरिसच्या ३ रात्री आहेत, म्हणून फ्रान्सचा टाकू म्हणाला.

तोरिनोकर | सकाळी ९.१५ (इटलीत असतो, उशीर झाला)

हे अजिबात करू नका. जिथे मुक्काम जास्त किंवा प्रवासाचा मुख्य हेतू जिथे, त्या देशाकडे अर्ज करायचा, असा शेंगेनचा नियम आहे. दोन देशांत मुक्काम सारखाच असेल तरच जिथून आधी प्रवेश तो देश बघतात. तुमच्या पॅरिसच्या ३ रात्री आणि इटलीच्या ११, म्हणजे अर्ज इटलीकडेच. फ्रान्सकडे टाकलात आणि हॉटेलं सगळी इटलीची दिसली, तर अर्ज तिथेच नाकारतील. ४१ मुलांच्या पासपोर्टवर पहिल्याच परदेशवारीत नकार नको.

आता हे सांगा: इटलीत कोणी संस्था तुम्हाला बोलावते आहे का? पत्र आहे का?

भटकभवानी | सकाळी ९.४०

तोरिनोकर, नियम मलाही माहीत आहे. पण मे महिन्यात गर्दी किती असते ते तुम्ही तिकडे बसून बघत नाही. आम्ही इथल्या रांगेत उभे असतो.

तोरिनोकर | सकाळी ९.५१

गर्दी असते हे मान्य. म्हणूनच नियम सहा महिने आधीपर्यंत अर्ज करू देतो. प्रवासाच्या निदान १५ दिवस आधी अर्ज गेला पाहिजे, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि कागद अपुरे वाटले तर ते ४५ पर्यंत ताणू शकतात. ३१ मेचं निघणं म्हणजे या आठवड्यातच फाइल पूर्ण हवी. अशा वेळी चुकीच्या देशाच्या दारात उभं राहून दिवस का घालवायचे?

रेखाटनवही | दुपारी १.०५

हो, पत्र आहे. फ्लोरेन्सच्या एका संस्थेत ८ ते १३ जून मापन-रेखाटनाची कार्यशाळा आहे. रोज सकाळी एका जुन्या पलाझ्झोचं, म्हणजे वाड्याचं, अंगण मोजायचं, दुपारी ड्रॉइंग. पत्रात सगळ्यांची नावं आहेत. सोबत ३ सर-मॅडम आहेत.

सह्यकडा | दुपारी १.१२

हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं की हो! अख्खा प्रश्नच बदलला.

तोरिनोकर | दुपारी १.४०

उत्तम. मग आता नीट सांगतो.

९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला सी प्रकारचा शेंगेन व्हिसा. तुमच्या १५ दिवसांना तोच. अर्जात प्रवासाचा हेतू विचारतात, तिथे पर्यटन न लिहिता अभ्यास लिहा. तुमचे सर म्हणतात तो स्टडी व्हिसा म्हणजे डी प्रकार, तो ९० दिवसांच्या वर राहणाऱ्यांना. मास्टर्सला येणारी मुलं तो काढतात. त्याला युनिव्हर्सिटाली या इटलीच्या विद्यापीठ-प्रवेशाच्या संकेतस्थळावर पूर्वनोंदणी, इथे आल्यावर आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज, असं सगळं मागे लागतं. सरांनी बहुधा एखाद्या माजी विद्यार्थ्याचे कागद पाहिले असतील. म्हणजे व्हिसाचा प्रकार एजंट सांगतो तोच, आणि हेतू सर सांगतात तो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शेंगेनच्या व्हिसा संहितेत स्पष्ट लिहिलंय की अभ्यास किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना व्हिसा शुल्क माफ आहे. २०२४ च्या जूनपासून प्रौढांना ते ९० युरो आहे. अर्ज स्वीकारणारं केंद्र स्वतःचं सेवाशुल्क घेतं, ते द्यावंच लागतं. तुमचा एजंट प्रत्येकाकडून ९० युरो घेतोय का ते बघा.

रेखाटनवही | दुपारी १.५५

घेतोय!! खर्चाच्या तक्त्यात "व्हिसा फी ९० युरो" प्रत्येकाच्या नावापुढे आहे. सर-मॅडमच्याही.

सह्यकडा | दुपारी २.०२

४४ गुणिले ९०, ३,९६० युरो. पोरांचे आई-बाप कर्ज काढून पाठवतात हो. मी म्हणतो एजंटलाच रजा द्या. फॉर्म आपण भरावा, विमा आपण घ्यावा, तिकिटं आपण काढावीत. माझी मुलगी एकटी गेली तेव्हा सगळं घरी बसून केलं.

भटकभवानी | दुपारी २.१५

एकटी मुलगी आणि ४४ जणांचा गट, यात फरक आहे सह्यकडा. ४४ जणांच्या बोटांच्या ठशांच्या अपॉइंटमेंट, विमानात एकत्र जागा, हॉटेलात तिघा-तिघांच्या खोल्या, हे कॉलेजची मुलगी परीक्षा सांभाळून करणार? एजंट ठेवा, फक्त फीचा हिशेब मागा.

सह्यकडा | दुपारी २.२०

हिशेब मागितला की तो दुसऱ्या नावाने लावतो. अनुभव आहे.

वास्तुकाका | दुपारी ३.३०

पॅरिस कशाला घातलंय? आर्किटेक्चरची मुलं १५ दिवस इटलीत जाणार आणि त्यातले ३ दिवस आयफेल टॉवरखाली फोटो काढणार? ते दिवस विचेंझाला द्या. सोळाव्या शतकातल्या पल्लादिओ या वास्तुविशारदाची बाझिलिका, तेआत्रो ओलिंपिको हे नाट्यगृह, गावाबाहेरच्या टेकडीवरचा व्हिला रोतोंदा. ओलिंपिको १५८५ मध्ये सुरू झालं. त्यात स्कामोत्झी या वास्तुविशारदाने रंगमंचावर उभ्या केलेल्या लाकडी रस्त्यांचा देखावा अजून तसाच आहे. पुस्तकात परस्पेक्टिव्ह शिकतो ना आपण, तो तिथे समोर उभा आहे. रस्ता लांबवर गेल्यासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात काही मीटरांत संपतो. वेळ उरला तर वेरोनाला विसाव्या शतकातल्या स्कार्पा या वास्तुविशारदाने केलेलं कास्तेलवेक्कियो या जुन्या किल्ल्याचं काम. जुन्या भिंतीला नवीन जिना कुठे टेकतो आणि कुठे मुद्दाम टेकत नाही, एवढं एक जरी मुलांनी कागदावर काढलं तरी टूर वसूल.

प्लिंथलेव्हल | दुपारी ३.४५

व्हेनिसला आर्किटेक्चर बिएनाले, दर दोन वर्षांनी भरणारं मोठं प्रदर्शन, चुकवू नका!

वास्तुकाका | दुपारी ३.५२

या वर्षी कलेची आहे. आर्किटेक्चरची २०२५ मध्ये झाली, पुढची २०२७ ला. तरी तिथल्या जिआर्दिनी बागेतली देशोदेशीची पॅव्हिलियन बघायला जाच. इमारती त्याच आहेत.

मावशी_डोंबिवली | संध्या. ५.१०

माझ्या भाचीला मिलानला मास्टर्स करायचंय सप्टेंबरपासून. तिला पण फी माफ होईल का? बँकेत किती दाखवावे लागतात?

तोरिनोकर | संध्या. ५.३५

मावशी, तिचा डी व्हिसा, वर लिहिलंय तो. त्याचं शुल्क आणि नियम वेगळे आहेत. कृपया वेगळा धागा काढा, मी तिथे लिहितो. इथे या मुलीला उद्या पैसे भरायचेत.

रेखाटनवही | रात्री ८.२०

एजंटला फोन केला. तो म्हणतो माफी वगैरे काही नसतं, आणि हेतूत अभ्यास लिहिलं तर रिजेक्ट होईल, जबाबदारी तुमची. आता काय करू? उद्या शुक्रवार.

भटकभवानी | रात्री ८.३१

हेच मी घाबरत होते. ९० युरोसाठी ४१ जणांचा व्हिसा पणाला लावू नका. पर्यटन लिहा, पैसे भरा आणि मोकळे व्हा.

तोरिनोकर | रात्री ८.४४

भटकभवानी, काळजी समजते. पण कार्यशाळेचं पत्र जोडायचं आणि हेतू पर्यटन लिहायचा, म्हणजे आपल्याच फाइलमध्ये दोन तोंडं. अधिकाऱ्याला शंका येते ती अशाने. पत्र न जोडावं तर सहा दिवस एकाच गावात ४४ माणसं काय करणार, याचं उत्तर फाइलीत नाही.

रेखाटनवही, एजंटशी वाद घालू नका. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडे येतात. कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून त्यांनाच लिहा. पत्राची प्रत, नावांची यादी, दिवसवार कार्यक्रम, सोबतचे शिक्षक कोण, हे जोडा आणि शुल्कमाफीसाठी आणखी कोणते कागद हवेत एवढंच विचारा. पत्र तुमच्या सहीचं नको, प्राचार्यांच्या सहीचं हवं.

फाइल तपासताना: पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालू हवा, गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, दोन पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. खर्च पालक करत असतील तर पालकांचं हमीपत्र आणि बँकेचे कागद. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ज्यांनी ठसे दिले नाहीत, त्या सगळ्यांनी स्वतः जायचं. परराज्यातली मुलं असतील तर त्यांच्या इथल्या राहण्याचा पुरावा लागेल.

रेखाटनवही | रात्री ८.५०

आहेत, दोघी केरळच्या आहेत, होस्टेलला राहतात. आणि एकाचा पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपतो.

तोरिनोकर | रात्री ८.५३

ऑगस्ट म्हणजे ३ महिने भरत नाहीत. त्याने उद्याच तत्काळमध्ये नूतनीकरणाला टाकावा. बाकी सगळं थांबलं तरी हे थांबवू नका. दोघींना होस्टेलचा दाखला आणि बोनाफाइड.

एक_आई | १७ एप्रिल, सकाळी ७.३०

मुलगा दुसऱ्या अशाच टूरला जाऊन आला म्हणून सांगते. मुलांना स्केच करायला कुठेही बसायची सवय असते. रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. व्हेनिसच्या सान मार्को चौकातही खाली बसून खाता येत नाही. उभ्याने काढायचा सराव करून पाठवा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, जूनच्या उन्हात मुलं हे विसरतात. रोममध्ये रस्तोरस्ती नळ आहेत, नाझोनी म्हणतात, पाणी चांगलं असतं. बाटली भरून घ्यायची.

रेखाटनवही | २० एप्रिल, संध्या. ६.४५

अपडेट. शुक्रवारी पैसे भरले नाहीत, प्राचार्यांनी मुदत मागून घेतली आणि मेल पाठवला. आज उत्तर आलं. हेतू अभ्यास लिहा, निमंत्रणाची मूळ प्रत, कॉलेजचं पत्र आणि शिक्षकांसह यादी जोडा, असं सांगितलंय. त्या कागदांवर शुल्क माफ. एजंटला मेल दाखवला, त्याने तक्त्यातून ती रक्कम काढली. अपॉइंटमेंट २४ आणि २७ ला, दोन गटांत. पासपोर्टवाल्याचं तत्काळ झालं, तो दुसऱ्या गटात. पॅरिस काढून टाकलं, तिकिटं फक्त ब्लॉक केलेली होती. आता १ ते ४ रोम, ४ ते ७ विचेंझा-व्हेनिस, मग फ्लोरेन्स. तोरिनोकर दादा, खूप खूप आभार.

व्हेनिसचा मुक्काम मेस्त्रेला आहे. व्हेनिस शहरात शिरायला ते प्रवेश शुल्क आम्हाला लागतं का?

तोरिनोकर | संध्या. ७.२०

मेस्त्रे व्हेनिस महापालिकेतच येतं, त्यामुळे मुक्कामी माणसाला शुल्क नाही. पण ठरावीक दिवशी सूट मिळाल्याचा क्यूआर कोड जवळ लागतो, संकेतस्थळावर प्रत्येकाची नोंद करा. आणि २०२४ पासून तिथे गटात २५ पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, लाउडस्पीकरही नाही. ४४ जणांचे दोन गट आत्ताच पाडा, दोन्हींत एकेक शिक्षक हवेत.

वास्तुकाका | संध्या. ७.४०

पॅरिस गेलं, छान झालं. २ जूनला इटलीचा प्रजासत्ताक दिन. रोममध्ये सकाळी फोरी इम्पेरियाली रस्त्यावर संचलन असतं, कलोसियमकडचे रस्ते बंद. कलोसियम ३ तारखेला ठेवा. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि विक्री साधारण ३० दिवस आधी उघडते, म्हणजे ४ मेच्या सुमारास कोणीतरी लॅपटॉप घेऊन बसा. ७ जून पहिला रविवार, फ्लोरेन्सचं उफ्फिझी कलासंग्रहालय फुकट पण तुडुंब. सोमवारी बंद. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, तेही आधी आरक्षित करा. घुमटाच्या आतल्या-बाहेरच्या दोन कवचांच्या मधून चढताना विटांची रचना हाताच्या अंतरावर दिसते.

सह्यकडा | रात्री ८.०५

रेल्वेचा संप बघून ठेवा. तारखा आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. विचेंझा-व्हेनिस त्या वेळांत बसवा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छाप मारायचा, नाहीतर दंड.

रेखाटनवही | रात्री ८.३०

नोंदवलं. उद्या वर्गात यादी लावते. ४ मेला कलोसियमच्या तिकिटांना कोण बसणार ते मी आणि सीआर (वर्गप्रतिनिधी) ठरवतो.

मावशी_डोंबिवली | रात्री ९.१५

तोरिनोकर, वेगळा धागा काढला आहे. भाचीचं ॲडमिशन लेटर आलंय. बघाल का?