बारावी सायन्स ५६ टक्के, सीईटी ३८ पर्सेंटाइल: डिग्री, डिप्लोमा की आयटीआय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. ताईचं गाव माढा तालुक्यात. पोरगं यंदा बारावी सायन्स झालं, ५६ टक्के. एमएचटी-सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, ३८ पर्सेंटाइल. दाजी आधी म्हणाले, "अडतीस म्हणजे पास झालाच की." पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, परीक्षेला बसलेल्या शंभरांतले साधारण बासष्ट जण त्याच्या पुढे आहेत, हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसून राहिले. मला फार वाईट वाटलं.

दाजींचं एकच म्हणणं, पोरगं इंजिनिअर झालं पाहिजे. त्यांना स्वतःला दहावीनंतर शाळा सोडावी लागली होती, त्यामुळे त्यांचं चुकतंय असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण परवा एका खासगी कॉलेजातून फोन आला. मॅनेजमेंट कोट्यातली जागा आहे, आज वीस हजार आणि मूळ गुणपत्रिका आणून द्या, नाहीतर जागा जाईल. दाजी पैसे घेऊन निघालेच होते, ताईने मला फोन केला म्हणून थांबले.

आता पोराबद्दल. मे महिन्यात विहिरीवरची पाच एचपीची मोटार जळाली. रिवायंडिंगवाल्याकडे आठ दिवसांचा नंबर होता. हा त्याच्या दुकानात जाऊन बसला आणि "काका, मी काढतो कॉइल, तुम्ही फक्त बघा" म्हणाला. जळकी वायर काढताना प्रत्येक स्लॉटमधले वेढे मोजून वहीत लिहिले, कुठली कॉइल कुठून निघून कुठे जाते त्याचं चित्र काढलं. ती वही मी पाहिली आहे. फिजिक्सच्या पेपरात ज्याला पस्तीसच्या वर जाता आलं नाही, त्याच्या हातचं ते चित्र आहे यावर माझा विश्वास बसेना. मोटार तिसऱ्या दिवशी चालू झाली. त्याला इलेक्ट्रिकलच करायचंय, पण कॉलेजच की आयटीआय हे त्यालाही ठरवता येत नाही.

आयटीआयला घातलं तर पुढे डिग्रीची वाट कायमची बंद होते का? बारावीनंतर डिप्लोमा म्हणजे अकरावी-बारावीची दोन वर्षं फुकट गेली असंच ना? आणि फीचं काय? घरचं उत्पन्न आठ लाखांच्या खूपच आत आहे. कुणी स्वतः या वाटेने गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

मी तंत्रनिकेतनात, म्हणजे डिप्लोमाच्या कॉलेजात, इलेक्ट्रिकल शिकवतो. पहिलं काम, मूळ गुणपत्रिका कुणाच्याही हातात देऊ नका. ती अडकली की पोरगं अडकतं. दुसरं, शिष्यवृत्ती. राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते, पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर ती हातची जाते. फोनवर हे कुणी सांगणार नाही.

डिग्रीला प्रवेश मिळणारच नाही असं नाही. पात्रतेला सीईटीत शून्याच्या वर गुण आणि बारावीच्या विषयगटात ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. कुठेतरी जागा मिळेल. पण पहिल्याच सेमिस्टरला गणित आणि फिजिक्स पुन्हा समोर येतं, आणि अशी कितीतरी मुलं केटीच्या, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेल्या विषयांच्या, ओझ्याखाली खचलेली मी पाहिली आहेत.

बारावी सायन्सवाल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, बारावीच्या गुणांवर. म्हणजे दोन वर्षांत डिप्लोमा. त्यानंतर डिप्लोमाच्या गुणांवर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आणखी तीन. एकूण पाच वर्षं, सरळ डिग्रीपेक्षा एकच जास्त. दोन वर्षं फुकट जात नाहीत. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज मात्र आजच सेतू केंद्रात टाका, फेऱ्या सुरू झाल्या की तिथे रांग संपत नाही.

प्रतिसाद २

दादा, मी आयटीआय इलेक्ट्रिशियन. दोन वर्षांचा ट्रेड, मग एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस. विद्यावेतन तुटपुंजं होतं, पण पॅनल उघडून काम करायला मिळालं. वाट बंद होत नाही. आयटीआयवरूनही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, मी गेलो. पण डिग्रीपर्यंत जायचं तर दोन, दोन आणि तीन, अशी सात वर्षं होतात. तेवढा दम घरात आहे का, हे बघा.

महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय लागतो, तिथे नुसती बारावी चालत नाही. लवकर कमवायचं असेल तर आयटीआय. वहीत कॉइलचं चित्र काढणाऱ्या पोराने मात्र डिप्लोमा करावा असं मला मनापासून वाटतं. त्याला मोटार का जळते ते कळून घ्यायचंय.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री ताईच्या घरी जाऊन दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. "एकच वर्ष जास्त" हे वाक्य दाजींनी दोनदा वाचायला लावलं. मग बोटांवर मोजलं, दोन आणि तीन. वीस हजार परत कपाटात गेले.

आज सकाळी भाचा आणि मी सेतूत दाखल्याचा अर्ज देऊन आलो. उद्या सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात चौकशीला जातोय. एक अजून विचारायचं आहे. तो मराठी माध्यमाचा आहे, अकरावी-बारावीतही इंग्रजीमुळेच मागे पडला असं त्याचं म्हणणं आहे. थेट दुसऱ्या वर्षाला बसल्यावर पहिल्या वर्षाचं काय काय आधी वाचून ठेवावं, आणि ते मराठीत कुठे मिळेल? हातात दीड महिना आहे.