ग्राफाइटला बाकीच्या भाषांत काय म्हणतात?

रिकामटेकडा:
मंडळी, प्रश्न फालतू वाटेल पण डोक्यातून जातच नाहीये. पेन्सिलीत असतं ते ग्राफाइट, म्हणजे कार्बन, शिसं त्यात औषधालाही नसतं, तरी आपण म्हणतो शिसपेन्सिल. म्हटलं बाकीचे काय म्हणतात बघूया, तर जर्मन ग्राफिट, रशियन ग्राफित, पोलिश ग्राफित, तुर्की ग्राफित, स्पॅनिश ग्राफितो, सगळ्यांनी एकाच दुकानातून आणल्यासारखं. मग ग्राफाइट यायच्या आधी या खनिजाला कोणाकडे स्वतःचं नाव होतं की नाही? आणि आशियात पण हेच आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा, विकीची लिंक देऊ नका, ती वाचून झालीये.

दगडधोंडे:
एकाच दुकानातून आणलंय हे खरंच आहे. फ्रायबर्गच्या खाण अकादमीत शिकवणारे आब्राहाम गोटलोब वेर्नर म्हणून खनिजशास्त्रज्ञ होते, त्यांनी १७८९ मध्ये 'ग्राफिट' हे नाव पाडलं, ग्रीक 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणे, त्यावरून. तोवर विज्ञानाची भाषा युरोपभर एकमेकांत फिरत होती त्यामुळे ते सगळीकडे गेलं.

त्याआधी नावं भरपूर होती, उलट गोंधळ तोच होता. लॅटिनमध्ये प्लुम्बागो (प्लुम्बुम म्हणजे शिसं), इंग्रजीत ब्लॅक लेड, आणि 'मोलिब्डेना' हे तर शिशाचं खनिज गॅलेना, ग्राफाइट आणि आज ज्याला मोलिब्डेनाइट म्हणतात ते (मोलिब्डेनम धातूचं खनिज), या सगळ्यांना चालायचं कारण ग्रीकमध्ये मोलिब्डोस म्हणजे पण शिसंच. मोलिब्डेनाइट आणि ग्राफाइट तर शेजारी ठेवून बघा, दोन्ही करडे-काळे, चकचकीत, नखाने ओरखडा पडेल इतके मऊ, बोटाला लागतात आणि हाताला तेलकट वाटतात. चिनी मातीच्या गुळगुळीत बशीवर घासलं की मोलिब्डेनाइटची रेघ जराशी हिरवट येते, ग्राफाइटची येत नाही, नुसत्या डोळ्यांना एवढाच काय तो फरक. शेवटी स्वीडनच्या कार्ल शील यांनी १७७८ मध्ये मोलिब्डेनाइटवर नायट्रिक अ‍ॅसिड टाकून पांढरी भुकटी काढून दाखवली, म्हणजे ते ग्राफाइटपेक्षा वेगळं आहे हे ठरलं, आणि पुढच्या वर्षी ग्राफाइट हा कार्बनचाच प्रकार आहे हे पण दाखवलं. म्हणजे शिसं नाही हे कळल्यावर दहा वर्षांनी वेर्नर यांनी नाव बदललं. मला वाटतं विज्ञानातलं सगळ्यात वेळेवर झालेलं बारसं हेच असेल.

आडवी_रेघ:
खनिजाचं बारसं झालं पण पेन्सिलीला कोणी विचारलंच नाही ना :) जर्मन अजून ब्लायश्टिफ्ट म्हणतात, ब्लाय म्हणजे शिसं. डच पोटलोट म्हणजे शब्दशः भांड्यांचं शिसं. तुर्की कुर्शुन कलेम, अरबी कलम रसास, हे तर आपल्याला न सांगता कळतं, कलम तेच आपलं कलम, आणि कुर्शुन काय रसास काय दोन्हीचा अर्थ शिसं पण आणि बंदुकीची गोळी पण. हिब्रूत इपारोन, ते ओफेरेत म्हणजे शिशावरून. व्हिएतनामीत बुत ची, शिशाचं पेन. तेव्हा शिसपेन्सिल एकटी नाहीये, माझ्या मते ती 'लेड पेन्सिल'चं सरळ भाषांतर आहे, चूक असेल तर अर्ध्या जगाची आहे आणि तिला हात लावायचं काही कारण नाही.

शिशाच्या वाटेला न गेलेले पण आहेत. रशियन करांदाश हा तुर्की वळणाच्या भाषांतून आला, काळा दगड असा अर्थ लावतात. स्पॅनिश लापिस, लॅटिनमध्ये दगड. इटालियन मातिता तर हेमाटाइटवरून, म्हणजे लोखंडाचं लाल खनिज, त्याच्या खडूने चित्रकार लाल रेखाटनं करायचे, खडू गेला, नाव ग्राफाइटच्या काडीला चिकटलं.

शाईचा_डाग:
आशियाचं राहिलंच की. चिनीत ग्राफाइटला शिमो म्हणतात, शि म्हणजे दगड आणि मो म्हणजे शाई, ब्रशने लिहायची काजळीची शाई असते ना ती. दगडी शाई. हे युरोपातून उचललेलं नाही, शब्द जुना आहे आणि जुन्या चिनी लिखाणात तो दगडी कोळशाला पण वापरलेला सापडतो. मला हा ग्राफाइटपेक्षा जास्त आवडतो कारण रंग आणि काम दोन्ही त्यात आलं. ग्राफीनसाठी (म्हणजे ग्राफाइटचा एका अणूइतका पातळ थर) पण चिनी लोकांनी शिमोलाच शेपूट जोडून शिमोशी केलंय.

जपानीत तीच दोन अक्षरं सेकिबोकु अशी वाचतात, पण कोकुएन जास्त चालतो, त्याचा अर्थ काळं शिसं. कोरियन हुगयॉन म्हणजे तीच कोकुएनची अक्षरं कोरियन उच्चाराने. आणि पेन्सिल तिघांकडेही शिशाचीच, चिनी छ्येनबी, जपानी एन्पित्सु, कोरियन यॉनपिल. म्हणजे चिनीत खनिज शाई आणि पेन्सिल शिसं, जपानी-कोरियनमध्ये दोन्ही शिसं.

रिकामटेकडा:
वा, दगडी शाई आपल्याला आवडली. व्हिएतनामीत पेन्सिल शिशाची झाली, खनिजाला काय म्हणतात मग? आणि जिथे खाणी होत्या तिथल्या लोकांनी तरी काही घरचं नाव ठेवलं असेल ना, ते काय लॅटिन बोलत बसले नसतील.

शाईचा_डाग:
थान ची. थान म्हणजे कोळसा, ची म्हणजे शिसं. कार्बन पण सांगितला आणि जुना गैरसमज पण ठेवला.

दगडधोंडे:
खाणवाल्यांची नावं आहेत की. इंग्लंडच्या कंबरलँडमध्ये बॉरोडेलला सोळाव्या शतकात ग्राफाइट सापडलं, इतकं शुद्ध की करवतीने कापून सरळ कांड्या पाडायचे, तिथले लोक त्याला वॉड म्हणायचे आणि मेंढ्यांवर खुणा करायला वापरायचे. पुढे तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावायला ते लागू लागलं तशी किंमत चढली, चोऱ्या सुरू झाल्या आणि १७५२ मध्ये पार्लमेंटला वॉडच्या चोरीसाठी वेगळा कायदा करावा लागला. श्रीलंकेचं ग्राफाइट परदेशी व्यापारात कायम प्लुम्बागो नावाने गेलं पण सिंहलीत त्याला मिनिरन म्हणतात. चेक लोकांकडे तुहा आहे, त्यावरून पेन्सिल झाली तुझ्का, युरोपात असूनही शिसं नाही की ग्रीक नाही.

बागेतला_बुवा:
अवांतर: प्लुम्बागो नावाचं झाड पण असतं. आपल्या चित्रकाचं शास्त्रीय नाव प्लुम्बागो झेलॅनिका. त्याचा ग्राफाइटशी संबंध शून्य, शिशाशी मात्र नावापुरता आहे. नर्सरीवाल्याशी बोलताना हा धागा आठवून गोंधळ घालू नका.