शब्दचर्चा : बलिदान, त्याग, बळी. सुपरहिरोंच्या वडिलांसाठी कोणता शब्द?

प्रश्न, वेंगुर्ल्याहून :
मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं गावी आली की आमच्या वाचनालयात कॉमिक्सचं छोटं प्रदर्शन मांडायचं आहे. सुपरहिरोंच्या वडीलधाऱ्यांवर पाट्या लिहिल्या, तर सुपरमॅनचे वडील, बॅटमॅनचे वडील, स्पायडरमॅनचे बेनकाका अशा सगळ्यांना ‘बलिदान’ हाच शब्द आला. वाचताना खटकतं. ‘त्याग’ करू का?

उत्तर, रत्नागिरीहून :
खटकायलाच हवं. बेनकाकांनी कशाचंच बलिदान केलेलं नाही. ऑगस्ट १९६२च्या ‘अमेझिंग फॅन्टसी’च्या १५व्या अंकात पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, एका चोराला अडवत नाही, आणि तोच चोर पुढे काकांचा जीव घेतो. मरायचं की नाही हे काकांना कुणी विचारलंच नव्हतं. याला मराठीत ‘बळी जाणं’ म्हणतात. बॅटमॅनचे वडील थॉमस वेन यांचंही तेच, लुटारूच्या गोळीला बळी पडले. तिथे ‘बलिदान’ लिहिलं की मारणाऱ्याचा गुन्हा पुसट होतो आणि कथेचा कणाच मोडतो. पीटरला जन्मभर टोचतं ते आपण चोर सोडला हे. काकांनी आपल्यासाठी जीव दिला असं कुठेच नाही.

बलिदानाला देणारा लागतो. राखणदाराला कोंबडा देतात तेव्हा बळी कोंबड्याचा जातो, देणारा वेगळा असतो. स्वतःलाच दिलं तर ‘आत्मबलिदान’. त्यातलं ‘आत्म’ आता गळालं आणि तसंच रूढ झालं, हरकत नाही, पण निश्चय हवा. १९९२ साली सुपरमॅन डूम्सडे नावाच्या राक्षसाला थोपवताना मरतो, तिथे हा शब्द शोभतो.

मालवणहून :
मग सुपरमॅनच्या बापसाचं काय? ग्रह फुटणार म्हणून तान्ह्याला यानात घातलं. हा त्यागच ना?

रत्नागिरीहून :
दादा, इथे जपून. १९३८च्या पहिल्या कथेत त्या बापाला नावही नाही, फक्त ‘एक शास्त्रज्ञ’. जॉर-एल हे नाव नंतर आलं. तो मरणारच होता, म्हणून बलिदान नाही. ‘त्याग’ जवळ जातो, पण त्याचं मूळ ‘त्यज्’, म्हणजे सोडणं. ‘मुलासाठी त्याग’ एक आणि ‘मुलाचा त्याग’ भलतंच. दुसरं लिहिलंत तर वाचणाऱ्याला कर्णाची पेटी आठवेल. तिथे लोकलज्जेचं भय होतं, इथे मूल जगावं एवढीच तळमळ.

मालवणहून :
आमच्याकडे म्हणतात, ‘बापाशीन झिलाक मुंबैक धाडल्यान.’ धाडण्यात टाकणं नाही. काळजावर दगड ठेवून, पण पोराच्या भल्यासाठी.

रत्नागिरीहून :
हेच घ्या! ‘पोर जगावं म्हणून बापाने त्याला दूर धाडलं.’ असं चोख क्रियापद असताना मोठ्या नामाची गरज नाही. आणि सुपरमॅनला वाढवणाऱ्या जोनाथन केंटला विसरू नका. परक्याचं पोर आपलं म्हणून वाढवणाऱ्या या शेतकऱ्याच्या वाट्याला सहसा एकही भारी शब्द येत नाही. त्याच्या पाटीवर ‘खस्ता खाल्ल्या’ लिहा. माझ्या मते सगळ्या प्रदर्शनातली ती सर्वांत महत्त्वाची पाटी.

वेंगुर्ल्याहून :
आभार. आणखी एक. जुन्या मराठी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळही, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मांडतोय. आरवलीचा वेतोबा जवळच, रात्री गावाची राखण करतो म्हणून लोक त्याला मोठाल्या चपला वाहतात, त्यामुळे मुलं त्या पाटीपाशी थांबणारच. कॉमिक्समधल्या वेताळाच्या मात्र बाप-लेकांच्या एकवीस पिढ्या आहेत. ‘वारसा’ लिहू?

रत्नागिरीहून :
वारसा आपसूक मिळतो. इथे पहिला वेताळ बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतो, आणि पुढचा प्रत्येक मुलगा ती नव्याने घेतो. ‘वसा’ लिहा. ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ हे मुलांनी आजीकडून ऐकलेलं असेल. फक्त वाक्याचा कर्ता मुलगा ठेवा. ‘बापाने वसा दिला’ नको, ‘मुलाने वसा घेतला’ हवं.