दर्जा टिकलेली वस्तू कुठली? माझ्या मते जिचा पार्ट अजून मिळतो ती

पेडणेकर: सरळच लिहितो. जी वस्तू उघडता येते आणि जिचा पार्ट बाजारात मिळतो तिचाच दर्जा टिकलाय, बाकी सगळी जाहिरात. हॉकिन्सचा कुकर घ्या, १९५९ पासूनची कंपनी. झाकण आतून बसतं, वाफेचा जोर वाढला की ते काठाला आणखी घट्ट चिकटतं आणि प्रेशर उतरल्याशिवाय निघतच नाही, ही रचना आजही तीच आहे. आईच्या जुन्या कुकरची शिटी, गास्केट, सेफ्टी व्हॉल्व म्हापशाच्या बाजारात आरामात मिळतात. गास्केट कडक पडलं की वाफ बाजूने फुसफुसते, नवीन घातलं की झालं. मिक्सरचं मात्र उलट, वॉरंटी संपली नि बंद पडला, सर्विसवाला म्हणतो पार्ट येत नाही नवीनच घ्या!

मडगावचा_नील: नाही पटलं दादा. जे टिकलं तेवढंच तुम्हाला दिसतंय, जे मोडलं ते केव्हाच भंगारात गेलं. आणि नुसतं टिकणं म्हणजे दर्जा का? जुना सिलिंग फॅन ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या, सर्किटवाल्या मोटरचा) साधारण ३० मध्ये तेवढाच वारा देतो, २०२३ पासून फॅनला स्टार लेबलपण सक्तीचं आहे. बिल भरतो त्याला विचारा दर्जा कशात.

साखळीची_वैनी: नील, बिलाचं खरं आहे पण पावसात आमच्याकडे लाईट सारखी येते-जाते, व्होल्टेज वर-खाली, आणि तुझ्या त्या फॅनचं सर्किट उडालं की काय करायचं? जुन्या फॅनला कपॅसिटर बदलला की फिरतो, कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन पण बदलून देतो.
आणि वस्तूंचंच का बोलताय सगळे, सेवा बघा ना. आपल्या गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, अजून सकाळी पोंय पोंय भोंगा वाजवत दारात येतो, उंडे, पोळी, कांकणं, पावाचे सगळे प्रकार गरम. फेरीबोटीत चालत जाणाऱ्याला अजून पैसे पडत नाहीत. हे टिकलंच की.

कुंकळ्ळी_कट्टा: वैनी, पोदेर येतो हो, पण पाव तोच आहे का? पूर्वी पीठ माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर फुगवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट. सुरेच्या पावाला हलकी आंबूस चव असायची आणि दुसऱ्या दिवशीही तो खाववायचा, आजचा संध्याकाळपर्यंत चामट. पोदेराला दोष देत नाही, माडावर चढणारे रेंदेरच कमी झाले, सूर आणायची कुठून. पण दर्जा टिकला असं म्हणू नका. पार्ले-जी पण तसाच, पाच रुपये टिकवले आणि पुड्यातले ग्रॅम कमी केले.

साखळीची_वैनी: पार्ले-जीची चव तीच आहे की, आणि पाच रुपयात गरिबाच्या मुलाला आज दुसरं काय मिळतं सांगा. पावाचं मान्य, पण आमच्याकडची पोळी अजून लाकडाच्या भट्टीतली असते, कोंडा लावलेली, फाडली की आत पोकळ. ती चामट होत नाही.

मडगावचा_नील: बघा, शेवटी सगळं चव आणि आठवणीवरच आलं. एचएमटीची घड्याळं किती मजबूत, पार्टपण मिळायचे, तरी २०१६ मध्ये सरकारने कंपनी बंद करायचं ठरवलं. पार्ट मिळणं पुरत नाही, लोकांना हवं ते द्यावं लागतं.

पेडणेकर: अरे बाबा, कंपनी बंद पडली म्हणून घड्याळ वाईट होतं का? चावी दिली की आजही चालतात ती. आणि लोकांना दुरुस्ती हवीच आहे, नाहीतर केंद्राने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल कशाला काढलं असतं? तुझा बीएलडीसी मी उद्या घेतो, वीज वाचते हे मला मान्यच आहे. फक्त सर्किट जळलं तर ते पाच वर्षांनी मडगावच्या दुकानात सुटं मिळेल असं कंपनीकडून लिहून आण.

मडगावचा_नील: लिहून कोणी देणार नाही. पण दुकानात विचारतो, सुटं सर्किट ठेवतात का आणि केवढ्याला. मिळालं तर इथेच टाकतो.