दिवाळी अंक: वेडरबर्न घराण्यावर लेख

सप्रेम नमस्कार मंडळी,

यंदाच्या अंकात सर विल्यम वेडरबर्न यांच्यावर लेख हवा असं मला मनापासून वाटतं. रानडे-गोखल्यांचे स्नेही, १८८२ पासून पुण्याचे जिल्हा न्यायाधीश, १८८९ आणि १९१० च्या काँग्रेसचे अध्यक्ष. पण माणूस इथला, स्कॉटलंडचा, एडिनबरात १८३८ साली जन्मलेला. पणजोबा जॅकोबाइट बंडात (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठीच्या उठावात) सापडले, १७४६ मध्ये फासावर गेले. आजोबा जॉन यांनी जमैकात गुलामांच्या कष्टावर पैसा केला आणि पर्थ-डंडीच्या मधली बॅलिंडीनची इस्टेट घेतली. वडील मुंबई इलाख्याच्या नोकरीत. थोरला भाऊ १८५७ मध्ये हिसारला बायको-मुलासह मारला गेला. तरी १८६० मध्ये विल्यम धारवाडला असिस्टंट कलेक्टर म्हणून रुजू झाले, आणि पुढे सगळं आयुष्य हिंदी लोकांच्या बाजूने उभे राहिले.

पर्थहून, संपादन समितीतर्फे

---

ताई,

लेख जरूर घ्या. फक्त आजोबांचं गुलामांचं प्रकरण वगळावं. नातवाच्या गौरवात ते कशाला?

त्यापेक्षा पुरंदरच्या बँकेला जागा द्या. १८७५ मध्ये सुप्याला कुळांनी सावकारांच्या घरांतून रोखे बाहेर काढून जाळले. शेतसारा रोखीत आणि ठरल्या हप्त्याला भरायचा, पीक विकून पैसा हाती यायच्या आत. मग सावकाराचं दार ठरलेलंच. वेडरबर्न यांची योजना अशी की जुनी कर्जं तडजोडीने मिटवायची, पुण्याच्या धनिकांनी भांडवल घालून शेतकी बँक काढायची, आणि प्रयोग पुरंदर तालुक्यात करायचा. कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारने १८८४ मध्ये पाठिंबा दिला, लंडनने मोडता घातला. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ उजाडलं. माझं आजोळ सासवडचं आहे. मधल्या वीस वर्षांत तिथल्या किती जमिनी गेल्या असतील, या विचाराने आजही जीव तुटतो.

लेस्टरहून, काका

---

काका,

बँकेचं तुम्हीच लिहा, तुमच्याइतक्या तळमळीने कुणी लिहिणार नाही. पण आजोबांचं मी वगळणार नाही. जोसेफ नाइट हा त्यांनी जमैकात विकत घेतलेला मुलगा. त्याला त्यांनी स्कॉटलंडला आणलं. घरातल्याच ॲनी थॉम्पसनशी त्याने लग्न केलं. गुलामाला इंग्लंडबाहेर जबरदस्तीने नेता येणार नाही, असा १७७२ चा सॉमरसेट खटल्याचा निकाल त्याने वर्तमानपत्रात वाचला आणि मालकाकडे पगार मागितला. नकार मिळाल्यावर तो निघायच्या तयारीला लागला, तर मालकाने त्याला पकडवून आणलं. पर्थच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी मालकाचीच बाजू घेतली. नाइट हटला नाही. एडिनबराच्या कोर्ट ऑफ सेशनने, म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, १७७८ मध्ये स्पष्ट सांगितलं की स्कॉटलंडच्या कायद्यात गुलामगिरीला थारा नाही.

आपली मुलं याच गावांतून शाळेला जातात. नाइटचं नाव त्यांना ठाऊक असायला हवं. आणि ज्या घराण्याच्या पैशात हे सगळं मुरलं होतं, त्याच घरातला नातू पुरंदरच्या कर्जबाजारी कुळासाठी सरकारशी भांडला, हे एकत्र वाचल्याशिवाय विल्यम कळत नाहीत. त्यांचं मोठेपण याने उणावत नाही.

---

ताई,

पटलं, राहू दे. मग शेवटही नीट यायला हवा. १८८७ मध्ये निवृत्त झाल्यावर ते ग्लॉस्टरशरमध्ये राहिले, पण स्वस्थ बसले नाहीत. बॅन्फशरचे खासदार झाले, दादाभाईंबरोबर काँग्रेसची ब्रिटिश कमिटी चालवली, तीही पदरमोड करून. गोखले लंडनला आले की त्यांना यांचाच आधार असे. १९१५ मध्ये गोखले गेले, १९१८ मध्ये हे. बँकेचा मजकूर रविवारपर्यंत पाठवतो. पुरंदरचा नकाशा छापायला अर्धं पान ठेवा.