कल्याणचे माल यार्ड : तुमचे अनुभव लिहा

१८५४ साली रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि पुढे बोरघाट व थळघाट या दोन्ही वाटा येथूनच फुटल्यामुळे कल्याण हे मालवाहतुकीचे मोठे ठाणे झाले. आता लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचे मार्ग वेगळे करण्यासाठी यार्डाची फेररचना चालू आहे. येथे काम केलेल्यांनी किंवा आसपास राहिलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत. नुसते हळहळणे नको, काम कसे चालत असे तेही यावे.

निवृत्त ट्रेन्स क्लार्क : मी नोकरीला लागलो तेव्हा एकाच मालगाडीत अनेक ठिकाणच्या वाघिणी (मालडबे) असत. गाडी यार्डात लागली की वही आणि बत्ती घेऊन शेवटच्या वाघिणीपर्यंत चालत जायचे, प्रत्येकीचा क्रमांक टिपायचा आणि बाजूला अडकवलेले लेबल वाचायचे. माल कुठून आला, कुठे जायचा, ते त्यावरच कळे. पावसाने लेबलाचा लगदा झाला आणि कागदपत्रेही हाती नसली, की ती वाघीण ‘अनकनेक्टेड’ ठरून बाजूला पडून राही व तिचा मालक सापडेपर्यंत आमची पत्रापत्री चाले. मग शंटर (यार्डात डबे हलवणारे इंजिन चालवणारा) आणि पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा) दिशेप्रमाणे वाघिणी वेगळ्या करून नव्या गाड्या जुळवीत. १९८०च्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणींऐवजी अख्खी गाडी एका ठिकाणाहून एकाच ठिकाणी नेण्यावर भर दिला आणि आमचे मूळ कामच आटले. माणसे कमी केली म्हणून यार्ड ओस पडले असे काही जण म्हणतात, ते उलटे आहे. आधी काम गेले, मग माणसे.

मालगाडीच्या ड्रायव्हरची मुलगी : वडिलांच्या बोलण्यात ‘खेकडा’ फार येई. १९२०च्या दशकाच्या अखेरीस घाटासाठी आणलेल्या डब्ल्यूसीजी-१ या विद्युत इंजिनाला सगळे तेच म्हणत. उतारवयात ही इंजिने शंटिंगला लावली होती. चाकांना जोडणारे दांडे वर-खाली होत, इंजिन डुलत चाले आणि उभे असतानाही कण्हल्यासारखा आवाज करी. ती १५०० व्होल्ट डीसीवर चालत. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात तो प्रवाह बदलून एसी करण्याचे काम २०१६ मध्ये पूर्ण झाले.

मालधक्क्यावरील ट्रकवाला : आमच्याकडे रेक (अख्खी मालगाडी) रात्री लागो की सणाच्या दिवशी, ठरलेल्या तासांत रिकामी झाली नाही तर डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड, बसते. त्यामुळे माथाडी टोळीच्या मुकादमाचा फोन लागतो की नाही, ही पहिली काळजी असते.

डोंबिवलीकर प्रवासी : मला यार्डाची ओळख झाली ती ठाकुर्लीपुढे थांबलेल्या लोकलमधून. पुढच्या सांध्यावरून मालगाडी किंवा एक्स्प्रेस आडवी जात असली की लोकलला सिग्नल मिळत नाही, हे एका मोटरमनने समजावले तेव्हा पटले. फेररचनेने हे आडवे जाणे किती कमी होते, एवढेच मी पाहणार आहे. फलाट कितीही नवे बांधले तरी सकाळची ८.१० वेळेवर सुटली पाहिजे.