मदत हवी आहे : परसात रानटर्की पिल्लं घेऊन येते आहे (मॅसॅच्युसेट्स)

नमस्कार मंडळी,

आम्ही वूस्टरजवळ राहतो. कुंपणापलीकडे ओकचं थोडं रान आहे. जून लागल्यापासून तिकडून एक टर्कीची मादी पिल्लं घेऊन आमच्या लॉनवर येते. पहिल्यांदा अकरा मोजली होती, आता सातच दिसतात. ती उंच गवतातून निघाली की तिची मान तेवढी दिसते आणि मागे गवत हलत राहतं. मध्येच ती 'पट्ट, पट्ट' असा कोरडा आवाज काढते, की सगळी पिल्लं जागच्या जागी चपटी होतात. मी वरच्या खिडकीतून बघत असते तरी एकही सापडत नाही!

आता अडचणी.

पहिली म्हणजे आमची आई. उन्हाळ्यापुरती वाईहून आली आहे. तिचं बालपण खुराड्याशेजारी गेलंय, त्यामुळे माझं काही ऐकत नाही. "बाळंतीण दारात आली आणि मूठभर कण्या घालायच्या नाहीत? कुठलं शास्त्र हे?" रोज सकाळी तुकडा बासमती टाकते, आणि आता टर्कीसुद्धा डेकखाली येऊन वाट बघते. शेजारच्या आजींनी कुंपणाशी येऊन, खाऊ घालू नका म्हणून गोड शब्दांत बजावलं. त्यावर आईचा नवा बेत : रात्री पिल्लं डालग्याखाली झाकायची. इथे डालगं कुठलं, तर धुण्याची बास्केट काढून ठेवलीये. तिला नुसतं 'वाईट असतं' म्हणून चालत नाही, कारण द्यावं लागतं. काय सांगू?

दुसरी अडचण काल झाली. बेसमेंटच्या खिडकीसमोर जमिनीत पत्र्याचा अर्धगोल खड्डा असतो ना, विंडो वेल, त्यात एक पिल्लू पडलं. वर आई पंख फुलवून येरझाऱ्या घालतेय, खाली हे चिवचिवतंय. शेवटी नवऱ्याने ओव्हनचे हातमोजे चढवून काढलं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते म्हणतात, ते खरं का? पुन्हा पडलं तर काय करायचं?

तिसरं, गुरुवारी लॉनवाला हुमणीचं औषध टाकायला येणार आहे. येऊ द्यावं का?

आणि आईने विचारायला सांगितलंय : बाप कुठे आहे?

—

बे_एके_बे : नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या टर्की-मेजवानीपर्यंत सांभाळा, मग पाककृती विभागात नवा धागा काढा. (दिवे घ्या.)

—

ओसाडवाडीकर : शेवटापासून सुरू करतो. बाप नसतोच. वसंतात पिसारा फुलवून मिरवायचं, की त्याचं काम संपलं. अंडी घालणं, २८ दिवस जमिनीवरच्या खळग्यात पाचोळ्यावर बसणं आणि पुढचं सगळं ती एकटी करते. आईंना सांगा, नंतर दोन-तीन माद्या आपापली पोरं घेऊन एकत्र फिरायला लागतात, तेवढीच मदत.

अकराची सात झाली याचं वाईट वाटून घेऊ नका, निम्मी जगली तरी पुष्कळ. सलग पाऊस लागला की लव भिजून पिल्लं गारठतात. शिवाय कोल्हा, रॅकून, ससाणा, घुबड आहेतच. पहिले साधारण दोन आठवडे उडता येत नाही, म्हणून रात्री ती जमिनीवरच बसते आणि पिल्लं पंखाखाली घेते. तेच तिचं डालगं. बास्केटखाली घातलीत तर पिल्लं आईच्या उबेला मुकतील, आणि बास्केट उलटी करायला रॅकूनला एक मिनिट लागणार नाही.

औषध पुढे ढकला, माझ्या मते रद्दच करा. या वयात पिल्लं मुख्यतः किड्यांवर वाढतात. नाकतोडे, भुंगे, अळ्या. त्यातूनच पिसं आणि अंग भरतं. तांदळाने पोट भरेल, पण वाढ व्हायची नाही. किडे मारणारं औषध टाकायचं आणि वर कण्या घालायच्या, याला काय अर्थ आहे?

हात लागल्याने आई टाकत नाही. ती पिल्लाच्या हाकेवर येते. खड्ड्यात एक खरखरीत फळी तिरपी ठेवा आणि सगळे घरात जा, बहुतेक वेळा पिल्लू स्वतः चढून येतं. नाहीच आलं तर टॉवेलात उचलून गवतावर ठेवा. मादी अंगावर आली तर छत्री उघडून समोर धरा, पळू नका. खड्ड्यावर बसवायची प्लास्टिकची झाकणं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, या आठवड्यातच बसवा.

—

मेथीफुटाणे : आई वाईच्या ना, मग त्यांना कोंबड्यांच्या भाषेतच सांगा. खुराड्यात कोण कुणाला टोचणार हे ठरलेलं असतं की नाही? टर्कीतही तसंच. माणसांकडे खायची सवय लागली की भीड चेपते आणि ती आपल्यालाही त्याच उतरंडीत बसवते. आम्ही ब्रुकलाइनला होतो, तिथल्या टर्क्या फुटपाथवरून हटत नसत. पोस्टमनच्या मागे लागायच्या, गाडीच्या चकचकीत दारात स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की त्यालाच चोची मारायच्या. दोष त्यांचा नाही, दाणे टाकणाऱ्यांचा. शिवाय रोज एकाच जागी दाणे पडले की उंदीर येतात, आणि पिल्लं कुठे भेटतील हे कोल्ह्यालाही कळतं. हे शेवटचं कारण आईंना पटेल बघा.

—

धागाकर्ती : पटलं! कोल्ह्याचं नाव काढल्याबरोबर डब्याला झाकण लागलं. लॉनवाल्याला 'येऊ नको' म्हणून कळवलं, तर तो म्हणतो पैसे परत मिळणार नाहीत. असू दे. फळी ठेवलीये, झाकण शनिवारी आणतो. आईचं आता नवीन : "दाणे नाहीत, पण परातीत पाणी तरी?"

—

ओसाडवाडीकर : पाणीही नको. त्यानेही ती एकाच जागी येत राहील. दव आणि किड्यांतून पिल्लांचं बरंचसं भागतं, आणि तुमच्याकडे ओहोळ-डबकी काही कमी नाहीत.

आईंना त्याऐवजी एक गोष्ट सांगा. मॅसॅच्युसेट्समधली शेवटची मूळ टर्की १८५१ साली माउंट टॉमवर दिसली होती. जंगल तोडून शेतं केली आणि शिकार बेसुमार केली, त्यात ती संपली. मग १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी आणून बर्कशरच्या डोंगरांत सोडले. आज राज्यात हजारोंनी आहेत, त्या मुख्यतः त्यांच्याच वंशातल्या.

—

धागाकर्ती : वाचून दाखवलं. "सदतीसच?" म्हणाली, आणि मग बराच वेळ खिडकीशी होती. आता विचारतेय, उडायला लागली की रात्री कुठल्या झाडावर बसतील?

—

मेथीफुटाणे : आधी बुटक्या फांद्या, मग ओकवर उंच. संध्याकाळी अंधार पडायच्या जरा आधी बघा, एकेक करून धपाधप चढतात. डेकवरचा दिवा मात्र बंद ठेवा.